चाकांवरची न्हाणी

आंघोळ ही गोष्ट माणसाने बसून करावी की उभ्याने, ह्या प्रश्नाचा मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कधीही विचार केला नव्हता. नशिराबादसारख्या गावात जन्मलेल्या माणसाला तो करावाही लागत नाही. न्हाणीत दगड असतो, दगडावर माणूस असतो, समोर बादली असते, बादलीत तांब्या असतो. आणि बादलीत पाणी असले तर आंघोळ असते. ह्यात तत्त्वज्ञान शिरायला फटच नाही. पण आमच्या मेहुण्याने, म्हणजे आमच्या हिच्या धाकट्या भावाने, एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली आणि ती फट पडली.

गाडीने सारी हयात लग्नाच्या वऱ्हाडांत घालवलेली होती. सीटा काढल्या तेव्हा खालून तीन वाट्या अक्षता, एक पैंजण आणि कुठल्याशा लग्नातला अर्धा पेढा निघाला. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता हिचं घर करायचं. फिरतं घर. परदेशात लोक राहतं घर विकून गाडीत राहायला जातात."

"त्यांचं घर त्यांच्या नावावर असतं," मी म्हणालो. "तुझं अजून तुझ्या वडिलांच्या नावावर आहे."

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या विनोदाला घरात कुणी हसत नाही. त्यात कर्ज नामंजूर झाल्यासारखे काहीतरी असते.

खरे तर फिरत्या घराचे आम्हां खानदेशी लोकांना अप्रूप वाटू नये. आमच्याकडचे ठेलारी मेंढपाळ घोड्यावर खाट, खाटेवर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या शेजारी पोर बसवून पिढ्यान् पिढ्या रानोमाळ हिंडत आलेत. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते, तिच्याबरोबर माणसे पंढरपूरपर्यंत चालत जातात आणि वाटेत टँकरच्या नळाखाली आंघोळ उरकतात. त्यांच्यावर कुणी व्हिडिओ करत नाही. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने मात्र कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून मेहुण्याच्या कल्पनेला सरकारी पाठबळही मिळाले. मेंढपाळ फिरला तर भटका आणि मेहुणा फिरला तर पर्यटक, एवढाच काय तो धोरणाचा अर्थ मला लागला.

कागदपत्रांविषयी फार लिहीत नाही. मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम गाडीत मनाला येईल तो बदल करू देत नाही, एवढे मी त्याला वाचून दाखवले. त्यानंतर तो परवानगीसाठी जे हेलपाटे घालत होता, त्यातच त्याचे अर्धे पर्यटन झाले. पलंग बसला, शेगडी बसली, पंखा बसला. मग आला शॉवर.

जळगावच्या अजिंठा चौफुलीकडे एका मिस्त्रीचाचांच्या वर्कशॉपात गाडी उभी होती. चाचांनी डोक्यापासून पायापर्यंत मेहुण्याचे माप नजरेने घेतले आणि विचारले, "बैठके नहाओगे, या खडे होके?"

मेहुणा म्हणाला, "खडे होके."

"फिर साबुन पाँव को नहीं लगेगा."

हे अक्षरशः खरे होते. न्हाणीसाठी जागा निघाली अडीच फूट बाय अडीच फूट. त्यात उभे राहता येते, वळताही येते. पण वाकायचे झाल्यास दार उघडून अर्धा माणूस बाहेर काढावा लागतो. "पाय नंतर धू," असे मी सुचवले. "आंघोळ हप्त्यांनी कर."

मी बी.कॉम. असल्यामुळे पाण्याचा हिशेब माझ्याकडे आला. टाकी ऐंशी लिटरची ठरली. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे ऐंशी किलोचा एक पाहुणा कायमचा गाडीत बसलेला; आणि तोही स्वस्थ बसणारा नव्हे. ब्रेक मारला की पाणी पुढे धावते, वळण घेतले की बाजूला कलंडते. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त हिंदकळते. म्हणून टँकरमध्ये असतात तशा टाकीच्या आतही भोके पाडलेल्या आडव्या भिंती घालाव्या लागल्या. दुसरी अडचण उताराची. घराच्या न्हाणीला गवंडी एकदाच उतार देतो. गाडी मात्र आज पुढे उतरती उभी असते, उद्या मागे. पाणी जाळीकडे जाईल की पलंगाखाली, ते गाडी कुठे लावली त्यावर ठरते. चाचांनी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन जाळ्या बसवल्या. "एक सरकार की, एक विरोधी पार्टी की," ते म्हणाले. "पानी किधर भी जाए, गिरेगा तो नीचेही."

गरम पाण्यासाठी मेहुण्याला गॅसचा गीझर हवा होता. तिथे मात्र मी थट्टा सोडून नाही म्हटले. बंद खोलीत गॅस गीझरच्या विषारी वायूने माणसे न्हाणीतच गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि हा तर अडीच फुटी डबा. त्याऐवजी टपावर चार इंची काळा पाइप टाकला, दहा फूट लांबीचा. त्यात चोवीस-पंचवीस लिटर पाणी मावते आणि उन्हाने आपोआप तापते. आमच्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा त्या पाण्यात आंघोळ करण्यापेक्षा चहाची पूड टाकणे सोयीचे पडते.

आता मुख्य हिशेब. साध्या शॉवरमधून मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी पडते. मेहुणा न्हाणीत दोन गाणी म्हणतो, कडवी न गाळता. म्हणजे दुसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला ऐंशी लिटरची टाकी संपली. मग बारा व्होल्टच्या पंपाला जोडलेली, बटन दाबले तरच पाणी देणारी बारीक झारी आली. आंघोळीची रीतही बोटीवरची ठरली: अंग भिजवा, पाणी बंद, साबण लावा, मग पाणी सुरू, अंग धुवा, पुन्हा बंद. गाणे फक्त साबणाच्या वेळी.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की तांब्या आणि शॉवर ही दोन वेगळ्या प्रकारची खाती आहेत. तांब्या म्हणजे पैसे काढायची स्लिप. दर वेळी भरा, सही करा, काढा. काय उरले ते बादलीत समोर दिसते. शॉवर म्हणजे ओव्हरड्राफ्ट. आपण उभे असतो, ते येत असते, आणि कुठून येते हे विचारायची वेळ महिनाअखेरीला येते. शॉवरचे खरे सुख पाणी डोक्यावर पडण्यात नाहीच. किती पडले हे न कळण्यात आहे. आणि ह्या गाडीने नेमके तेच सुख काढून घेतले होते. पलंगाशेजारी टाकीची पारदर्शक नळी होती, तिच्यावर लिटरचे आकडे. आंघोळ करणाऱ्याची शिल्लक घरच्या सर्व मंडळींना दिसत होती.

मेहुणा हिरमुसला. त्याच्या समाधानासाठी मी त्याला स्कायलॅबची गोष्ट सांगितली. १९७९ च्या जुलैत हीच स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून आपल्या देशात घबराट पसरली होती. वडील सांगत, गावात काही जणांनी उधारी फेडायचे थांबवले होते. त्या अंतराळयानात शॉवर होता. एका आंघोळीला तीनेक लिटर पाणी, आणि जमवाजमव, तरंगणारे थेंब टिपून घेणे वगैरे धरून अडीच तास. "बघ," मी म्हणालो, "माणूस घरापासून जितका लांब जातो, तितकी आंघोळ लहान होते."

पण माझा स्वतःचा हिशेब जमेना. माझी घरची बादली अठरा लिटरची. टंचाईच्या गावाला टँकरने पाणी द्यायचे ते आपल्या राज्यात माणशी दिवसाला वीस लिटर, असा नियम आहे. म्हणजे त्या माणसाचे पिणे, रांधणे, भांडी, पोरांची तोंडे, सगळा दिवस माझ्या एका आंघोळीत बसतो आणि वर दोन लिटर उरतात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते चित्र टीव्हीवर बघून मी गहिवरलो होतो आणि मग न्हाणीत जाऊन नेहमीच्या अठरा लिटरनी शांत झालो होतो. तेव्हा काही खटकले नाही. लातूर लांब होते.

गाडी निघायच्या आदल्या रात्री हा प्रश्न घरात निघाला. मेहुणा म्हणाला, "दाजी, पाणी आपल्या घरचं, टाकी आपली, डिझेल आपलं. कुठंही अंगावर ओतायचा आपल्याला अधिकार आहे."

कायद्याने तो बरोबर होता. आमची ही पापड तळत होती. म्हणाली, "अधिकाराचं मला कळत नाही. पण डबा आपला असला म्हणून गाडीत समोरच्याला न विचारता खातो का आपण?"

"ताई, गाडीला पडदे लावलेत."

"पडदा डोळ्याला असतो. तुझा पंप केवढ्याने ओरडतो!"

एप्रिलच्या चौथ्या शनिवारी, बँकेला सुट्टी धरून, आम्ही अजिंठ्याच्या दिशेने निघालो. पहूरच्या पुढे एका वस्तीपाशी अंधारले. रस्त्याकडेच्या शेतात एक म्हातारबाबा खाटेवर बसले होते. गाडी लावू का विचारले, तर "लावा ना भाऊ, जागा काय उचलून नेनार हाये तुम्ही?" म्हणाले, आणि आधी माठातले पाणी पुढे केले. तांब्या भरून. बोलता बोलता कळले की वस्तीवर टँकर येतो, उद्या यायची पाळी आहे.

मेहुणा दिवसभर घामाने चिप्प झाला होता. मी डोळ्यांनी खुणावतोय तोवर तो आत गेला आणि पंप घुर्र करून सुरू झाला. वापरलेले पाणी साठवायची टाकी गाडीच्या पोटाखाली होती. तिचा कॉक बंद करायला आमच्यातले कोण विसरले, ह्यावर घरात अजून मतभेद आहेत. पाण्याची धार थेट मातीत पडू लागली.

म्हातारबाबा उठले. मला वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार. त्यांनी घमेले आणले आणि धारेखाली सरकवले.

"बाबा, साबणाचं पाणी आहे ते," मी म्हणालो.

"मले का आंग धुवायचं हाये त्यानं? निंबूले टाकतो." विहिरीपाशी लिंबाची दोन झाडे होती, पाने गळून खराटा झालेली. मग गाडीकडे कान देऊन म्हणाले, "आत कोन हाये?"

"मेहुणा."

"त्याले म्हना, घाई नको करू."

एखाद्याने रागावावे, निदान टोमणा मारावा, तर माणसाला जागा मिळते. इथे तीही नव्हती. मी घाईघाईने म्हणालो, "बाबा, टाकीत अजून साठ लिटर चांगलं पाणी आहे. तुमचे हंडे भरून देतो."

ते हसले. "पाव्हन्याचं पानी घेतेत का भाऊ? पाव्हन्याले देतेत."

आणि दुसरे रिकामे घमेले घेऊन ते पुन्हा येऊन बसले. मेहुणा बाहेर आला होता. आमची ही माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही जाताय ना?"

आता काय करावे? आंघोळ करावी तर उद्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या माणसासमोर पाणी उडवायचे. न करावी तर त्याचे दुसरे घमेले रिकामे. मी आत गेलो. साबण लावला नाही, झाडासाठी म्हणा. बोटीवरच्या रीतीप्रमाणे बटन सोडायचे होते, पण खाली घमेल्यात पडणाऱ्या धारेचा आवाज बदलत बदलत भरत आल्यासारखा येत होता आणि मी अंगठा उचलला नाही. तीस लिटर गेले. मी दानधर्म करत होतो की चैन, हे त्या डब्यात उभे राहून मला खरोखर सांगता आले नसते. पाणी मस्त कोमट होते.

पहाटे टँकर आला. भांड्यांचा, बायकांचा, पोरांचा गलका झाला आणि पंधरा मिनिटांत संपला. आम्ही पांघरुणे आवरत होतो तेव्हा बाबांची सून भरलेली कळशी घेऊन गाडीच्या दाराशी आली. मागे बाबा, हातात नरसाळे. "पाव्हन्याची टाकी अर्धी जाऊ द्यायची का?"

आम्ही तिघांनी नको नको म्हटले. ही तर सुनेचा हात धरून उभी राहिली. पण दोघेही असे बघू लागले की आणखी एकदा नको म्हटले असते तर तो त्यांचा अपमान झाला असता. कळशी टाकीत गेली. हिने सुनेच्या हातात केळ्यांची फणी ठेवली. ती तिने घेतली, कारण केळी घेता येतात.

त्यानंतर मेहुण्याने गाडीच्या पोटाखालच्या नळीला रबरी पाइप जोडून घेतला आहे. मुक्कामाची जागा शोधताना तो हल्ली सावली बघत नाही, सुकत आलेले झाड बघतो, आणि न्हाणीत एकच गाणे म्हणतो. माझ्या वहीत त्या प्रवासाचा पाण्याचा पाई-पाईचा हिशेब आहे: निघताना ऐंशी, मेहुणा वीस, मी तीस, पिण्याला व भांड्यांना सहा. फक्त "जमा, अंदाजे दहा लिटर" ही ओळ कोणत्या खात्याला टाकावी ते ठरत नाही. बँकेत असल्या नोंदी आम्ही सस्पेन्समध्ये ठेवतो. फार दिवस ठेवू देत नाहीत, ऑडिटर येतो आणि विचारतो. घरीही ऑडिटर आहे. तिने वही पाहिली आहे, त्या ओळीवर बोटही ठेवले होते, आणि मग पान उलटून किराण्याच्या हिशेबाकडे वळली.