परक्याच्या ताटाची कैफियत

2020 च्या जानेवारीत, वुहान हे नाव जगाच्या कानी नुकतेच पडू लागले होते आणि तेथे उद्भवलेल्या रोगाची कारणमीमांसा करण्यास वैद्यकशास्त्र अद्याप धजावत नव्हते, अशा वेळी एका चित्रफितीने त्या मामल्याचा निवाडा परस्पर देऊन टाकला. एक हसतमुख चिनी तरुणी सूपमध्ये शिजवलेले अख्खे वटवाघूळ कॅमेऱ्यापुढे दाखवते आणि खाऊन पाहते, एवढेच तीत दृश्य होते. परंतु ते पाहणाऱ्या असंख्य लोकांना रोगाचे कारण, रोगाचे उगमस्थान आणि रोगाचा गुन्हेगार असा सारा मुद्देमाल एकाच जागी हस्तगत झाल्यासारखे वाटले. वस्तुतः ती फीत 2016 साली प्रशांत महासागरातील पलाऊ या चिमुकल्या द्वीपराष्ट्रात, एका पर्यटनविषयक कार्यक्रमासाठी घेतलेली होती. फलाहारी वटवाघळाचे सूप हा त्या बेटांवरचा पदार्थ, आणि ती तरुणी तेथे आलेली पाहुणी. तिला पुढे जाहीर माफी मागावी लागली आणि जिवे मारण्याच्या धमक्याही सोसाव्या लागल्या.

या प्रकरणातील मर्म असे की, चित्रफितीत खोटे काहीच नव्हते. वटवाघूळ खरे होते, ते खाणारी व्यक्ती खरी होती आणि ती चिनी होती हेही खरेच होते. दस्तऐवजातून केवळ स्थळ आणि काळ ही दोन कलमे खोडली गेली होती, आणि तेवढ्याने एका व्यक्तीचे एका दिवसाचे जेवण हा एकशे चाळीस कोटी लोकांचा नित्याचा आहार ठरला. चिनी अन्नाविषयी जे काही विपरीत आपल्या हातातील फोनवर येऊन पडते, त्यातील बराच भाग या जातीचा असतो, असे माझे मत आहे. निखळ कपोलकल्पित असत्य तसे दुबळे असते. आपल्या ठिकाणावरून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलेले सत्य मात्र स्वतःचा पुरावा बरोबर घेऊनच फिरते.

याचा एक मासला पाहण्यासारखा आहे. कोमट पाण्यावर आधी पांढरे आणि मग हिरवे पातळ मेण ओतायचे, बोटांच्या चिमटीत धरून त्याचा पापुद्रा पाण्यातून अलगद ओढायचा, त्यावर आपोआप पडलेल्या चुण्यांना पानाच्या शिरांचे रूप येऊ द्यायचे आणि शेवटी तो गुंडाळून त्याचा गड्डा करायचा. सुरीने मधोमध कापला तर आत एकावर एक पदर दिसतात. जपानमधील गुजो हाचिमान या गावचे कारागीर उपाहारगृहांच्या दर्शनी कपाटांत मांडण्यासाठी असे नमुने पिढ्यान्‌पिढ्या बनवीत आले आहेत. याच हस्तकौशल्याची चित्रफीत ‘चिनी लोक बनावट कोबी बाजारात आणतात’ अशा मथळ्याखाली जगभर फिरली. 2017 साली आपल्याकडे प्लास्टिकच्या अंड्यांचे आणि प्लास्टिकच्या तांदळाचे जे काहूर उठले, तेही याच वळणाचे. तांदळापेक्षा प्लास्टिक महाग पडते, एवढा साधा हिशेब कोणी किराणा दुकानदाराला विचारला असता तरी पुष्कळ काम झाले असते.

पिदान नावाचे जे काळसर अंडे असते, त्याची बदनामी याहून जुनी आहे. ते घोड्याच्या मूत्रात मुरवतात, अशी समजूत आग्नेय आशियात फार दिवसांची आहे. 2011 साली सीएनएनच्या संकेतस्थळावर त्याला जगातील अत्यंत किळसवाण्या पदार्थांत बसविण्यात आले आणि चिनी उत्पादकांच्या निषेधानंतर त्या वृत्तसंस्थेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. प्रत्यक्ष कृती पाहिली तर बदकाच्या अंड्याला कळीचा चुना, राख, मीठ आणि चहाचा अर्क यांचा लेप देऊन, वर भाताचे तूस लावून ते काही आठवडे ठेवतात. क्षार कवचातून आत झिरपतो, पांढऱ्याचा पिंगट पारदर्शक गोळा होतो, बलक हिरवट आणि मऊ पडतो, आणि अमोनियाचा जो उग्र दर्प सुटतो त्यानेच बहुधा घोड्याला या कथेत आणले असावे. ज्या घरात पापडखार घालून पापड लाटले जातात, त्या घराला तरी अन्नातल्या क्षाराचे एवढे भय वाटू नये.

मात्र चिनी अन्नावरील प्रत्येक आक्षेप खोटाच असतो, असा उलटा पक्षपातही मला करावयाचा नाही. झेजियांग प्रांतातील दोंगयांग नगरात लहान मुलांच्या मूत्रात अंडी उकडून खाण्याची वहिवाट आहे, आणि 2008 साली तेथील प्रशासनाने ती आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नमूदही केली. ही गोष्ट खरी आहे. फक्त ती दोंगयांगची आहे, आणि उरलेल्या चीनमध्येही तिच्याविषयी ऐकून नाक मुरडणारे थोडे नाहीत. तसेच 2013 साली जियांग्शी प्रांतातील नानचांगजवळ काही कारखाने पिदान लवकर तयार व्हावे म्हणून औद्योगिक दर्जाचा मोरचूद वापरीत असल्याचे उघडकीस आले आणि सुमारे तीस कारखान्यांना टाळे लागले. घोड्याच्या मूत्राची कथा चघळणाऱ्याच्या लेखी या मोरचुदाला काहीच किंमत नसते. कारण त्याला किळस हवी असते, आणि मोरचूद हा किळसवाणा नसून केवळ विषारी आहे.

अफवेचे खरे नुकसान मला येथे दिसते. 2007 च्या जुलैमध्ये बीजिंगच्या दूरचित्रवाणीवर, मांसाच्या वाफवलेल्या पावांत पुठ्ठ्याचा लगदा भरतात, असे वृत्त झळकले. ते रचलेले असल्याचे सरकारने जाहीर केले आणि संबंधित वार्ताहराला एक वर्षाचा कारावास झाला. पुढच्याच वर्षी बालकांच्या दूधभुकटीत मेलामाइन मिसळल्याचे प्रकरण झाले. सहा अर्भके दगावली, सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, आणि ऑलिंपिक सामने चालू असताना स्थानिक अधिकाऱ्यांनी ती बाब वरिष्ठांना कळविली नव्हती. एका बनावट वृत्ताचा गाजावाजा होऊन वार्ताहर तुरुंगात गेलेल्या देशात खऱ्या विषाची फिर्याद घेऊन पुढे येणाऱ्याचे धैर्य किती उरत असेल, याची कल्पना करता येते.

वुहानच्या बाबतीतही असेच झाले. तेथील बाजारांत 2017 ते 2019 या काळात जिवंत विकल्या गेलेल्या वन्य प्राण्यांची नोंद काही संशोधकांनी केली होती आणि ती 2021 साली प्रसिद्ध झाली: अडतीस जातींचे सत्तेचाळीस हजारांहून अधिक प्राणी, आणि त्यांत वटवाघूळ एकही नाही. त्या पिंजऱ्यांची अवस्था काय होती, परवाने कोणी तपासले, संरक्षित जाती बाजारात आल्या कशा, हे प्रश्न विचारण्यासारखे होते. ते विचारण्याऐवजी आपण पलाऊचे सूप पाहत बसलो, आणि आपल्याच ईशान्येकडील बांधवांना रस्त्यात अडवून ‘कोरोना’ म्हणून हिणवू लागलो. परक्या ताटाविषयीचे ते भय मग आपल्या ताटातही उतरले. कोंबडीमुळे हा रोग होतो अशी आवई त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात पसरली आणि कुक्कुटपालकांना पक्षी कवडीमोलाने विकावे लागले. चीनमध्ये कधी पाऊल न टाकलेल्या शेतकऱ्याने एका पाहुणीच्या जेवणाचे बिल भरले.

चिनी खवय्येगिरीचा आपल्या किनाऱ्याला खरोखर उपद्रव झाला, तो वेगळ्याच मार्गाने. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. अशा घरट्यांच्या सूपला चिनी मेजवानीत मोठा मान असल्यामुळे ती चोरून खरवडून नेली जात होती, आणि या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या निसर्गप्रेमी कार्यकर्त्यांनी वनखात्याच्या साहाय्याने तेथे पहारा बसवून ती लूट थांबविली. या गोष्टीची चित्रफीत मला आजवर कोणीही पाठविलेली नाही.