आतल्या चाकाचा त्याग

मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपुरास पोहोचला. त्याच मार्गावरील सिंदी या गावाने आपल्या नावापुढे ‘रेल्वे’ हे उपपद कायमचे धारण केले. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक आणि आतल्या चाकास कमी अंतर कापावे लागते, या भूमितीच्या दंडकाची दोन निराळी उत्तरे या गावात सहज पाहावयास मिळतात. बैलगाडीची चाके अचल आसाभोवती स्वतंत्र फिरतात, म्हणून तिला अडचण पडत नाही. आगगाडीची चाके आसाशी जखडलेली, पण त्यांचा घेर किंचित निमुळता असल्यामुळे वळणावर बाहेरचे चाक मोठ्या घेरावर चालते आणि हिशेब जुळतो.

तिसरे उत्तर शर्यतीच्या कार्टचे. 1956 साली आर्ट इंगल्स याने कॅलिफोर्नियात प्रथम घडविलेल्या आणि पुढे कोल्हापुरातील मोहिते रेसिंग अकादमीच्या धावपट्टीवरही राष्ट्रीय शर्यतींत धावलेल्या या वाहनास स्प्रिंगा नाहीत. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसविलेली आहेत. ती दोन्ही जमीन धरून राहिली तर कार्ट सरळच जाऊ पाहते, टायर घासतो, इंजिनाचा दम कोंडतो. म्हणून वळणापुरते मागचे आतले चाक जमिनीवरून सुटावे लागते. पुढच्या चाकांचा खुंट मागे कललेला असतो, त्यास कॅस्टर म्हणतात. सुकाणू फिरविताच त्या कलामुळे आतले पुढचे चाक खाली दाबले जाते, नळ्यांचा सांगाडा पिळवटतो आणि भार तिरका सरकून मागचे आतले चाक हलके होते. कल अपुरा असेल तर चाक सुटत नाही. फाजील असेल तर ते फार काळ अधांतरी राहते, बाहेरच्या टायरवर असह्य बोजा पडतो आणि वळण संपल्यावर वेग धरावयास उशीर होतो.

सिंदी ज्या वर्धा जिल्ह्यात आहे आणि जेथे 1936 पासून गांधीजी सेवाग्रामी आणि 1938 पासून विनोबा पवनारी राहिले, तेथे त्यागाचा विचार नवा नाही. तरी त्याग नेमका केव्हा घडतो, हा प्रश्न मला अद्याप जिवंत वाटतो. कठोपनिषदाने शरीरास रथ, बुद्धीस सारथी, मनास लगाम आणि इंद्रियांस अश्व मानले. त्या रूपकात सारी मुखत्यारी लगाम खेचणाऱ्या हातांकडे आहे. वळण क्षणभराचे असते, आणि मोह, क्रोध, भय यांची वळणेही तशीच. तेथे हात सुकाणू फिरवितात एवढेच, चाक उचलण्याचा हुकूम तेव्हा कोणी देऊ शकत नाही. ते उचलले जाते, कारण सांगाड्यात तशी तजवीज आधीच, निवांत वेळी, अंश-अंश मोजून केलेली असते. संकटसमयीच्या संकल्पावर आपण नको तितकी भिस्त ठेवतो, आणि रोजच्या आहार-विहाराच्या जुळणीस साधनेची प्रस्तावना समजून कमी लेखतो, असे मला निश्चितपणे वाटते.

शिवाय सुटलेले ते चाक जमीन सोडते, आस सोडीत नाही; अधांतरीही ते आपल्या जोडीदाराच्याच गतीने फिरत राहते. नियत कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग, ही गीतेच्या अठराव्या अध्यायातील भूमिका येथे लोखंडात उतरलेली दिसते. चाकाला इच्छा नाही, तेव्हा त्यास त्याग म्हणावे काय, हा आक्षेप रास्त आहे. परंतु इच्छा जुळणी करणाऱ्याची आहे, आणि माणसाच्या बाबतीत जुळणी करणारा व वळणावर बसलेला एकच असतो.

पावसाने धावपट्टी ओली झाली म्हणजे पकडच उरत नाही, मग सोडावयाचे काय, असे वाटेल. प्रत्यक्षात ओल्या जमिनीवर सांगाडा पिळण्याइतका जोरच मिळत नाही, आणि चाक सुटत नाही. म्हणून जाणता कारागीर त्या दिवशी कॅस्टर वाढवितो, पुढची चाके बाहेर सरकवितो आणि मागची आत घेतो.