अंतर राखणारा मार्शल

१० सप्टेंबर १९५५. शनिवारची रात्र. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर जॉन वेन आला आणि त्यानं एका नव्या मालिकेची ओळख करून दिली. मालिकेचं नाव ‘गनस्मोक’. घोडे, पिस्तुलं आणि धुळीनं माखलेली गावं यांच्या कथा म्हणजे वेस्टर्न, आणि वेस्टर्न म्हणजे वेन, असं तेव्हाचं समीकरण होतं. त्यामुळे या शिफारशीला वजन होतं. पुढच्या अर्ध्या तासात मात्र प्रेक्षकांनी जे पाहिलं, ते वेनच्या चित्रपटांत त्यांना क्वचितच दिसलं असेल. नव्या मालिकेचा नवा नायक भर रस्त्यात समोरासमोर हरला.

या पहिल्या भागाचं नाव ‘मॅट गेट्स इट’. सुरुवातीला डॉज सिटीचा मार्शल मॅट डिलन गावाबाहेरच्या ‘बूट हिल’ या दफनभूमीत उभा असतो आणि तिथे पुरलेल्यांबद्दल स्वतःशी बोलतो. मग गावात डॅन ग्रॅट नावाचा बंदूकबाज येतो. एका निःशस्त्र माणसाला मारल्याचा आरोप त्याच्यावर आहे. त्याला पकडायला अमारिलोहून आलेला शेरिफ त्याच्या गोळीनं मरतो. मॅट त्याला अटक करायला जातो आणि तोही कोसळतो. ग्रॅटचा हात जास्त चपळ आहे, एवढंच कारण. मॅटकडून काही गलथानपणा झालेला नाही की पाठीमागून दगा झालेला नाही.

नायक जखमी होणं नवं नव्हतं. नवं होतं ते पुढचं. मॅट बरा होतो, तेव्हा तो अधिक वेगवान झालेला नसतो. रात्रंदिवस सराव करून त्यानं हात तयार केलेला नसतो. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं फक्त विचार केलेला असतो. ग्रॅट गोळी झाडण्याआधी माणसाच्या अगदी जवळ का येतो? कारण त्याच्याकडे वेग आहे, नेम नाही. दुसऱ्यांदा सामना होतो तेव्हा मॅट त्याला जवळ येऊ देत नाही. लांबून झाडलेली ग्रॅटची गोळी हुकते, मॅटची लागते.

मला हा भाग महत्त्वाचा वाटतो तो याच ठिकाणी. ‘जो आधी पिस्तूल काढील तो खरा’ हा वेस्टर्नचा जणू मूलमंत्र. त्यात नकळत असं गृहीत धरलेलं असतं की न्याय ज्याच्या बाजूला, त्याचाच हात चपळ. जॉन मेस्टन याच्या कथेनं ही गाठ सोडवली. चपळाई गुंडाकडेही असू शकते, किंबहुना त्याच्याकडेच जास्त असते, कारण त्याला दुसरा उद्योग नसतो. कायद्याच्या माणसाला तिथे बरोबरी साधता येणार नाही. त्यानं आपलं अंतर राखावं, समोरच्याच्या खेळात ओढलं जाऊ नये. मेस्टन आणि निर्माता नॉर्मन मॅकडॉनेल यांनी १९५२ पासून ही मालिका रेडिओवर चालवली होती, तीही मुलांसाठी नव्हे, मोठ्यांसाठी. रेडिओवर घोडा, टोपी, पिस्तूल काहीच दिसत नाही. उरतो तो माणसाचा आवाज आणि त्याची घालमेल. दूरचित्रवाणीवर आल्यावरही पहिल्या भागात ती घालमेल शाबूत राहिली, याचं श्रेय या लेखनपरंपरेला द्यायला हवं.

आणि मॅटची भूमिका करणाऱ्या जेम्स आर्नेसलाही. सहा फूट सात इंच उंचीचा हा नट दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर लढला होता. १९४४ साली मशीनगनच्या गोळ्यांनी त्याच्या पायाचं हाड फोडलं, आणि ते दुखणं आयुष्यभर राहिलं. मालिकेत मात्र लंगडतो तो मॅटचा साथीदार चेस्टर, आणि ती भूमिका करणारा डेनिस वीव्हर पायानं धडधाकट होता. ज्याला खरोखर गोळी लागली होती तो वीस वर्षं, ६३५ भाग, ताठ चालत राहिला. जखमी मॅटच्या थकलेल्या, सावध चेहऱ्यात मला हा माणूस दिसतो.

तरीही या भागाची मर्यादा सांगितलीच पाहिजे. प्रश्न शेवटी पिस्तुलानंच सुटतो. फक्त ते पिस्तूल आता शहाण्या माणसाच्या हातात असतं. खऱ्या डॉज सिटीनं निवडलेली वाट वेगळी होती. रेल्वे १८७२ मध्ये आली, टेक्ससहून गुरांचे तांडे येऊ लागले, त्यांच्याबरोबर महिनोन्महिने उघड्यावर काढलेली, हातात रोख पैसा खुळखुळणारी तरुण पोरं आली. गावानं नियम केला: हत्यार बाळगायचं नाही. त्या काळातलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. धुळीच्या मोकळ्या रस्त्यात एका फलकावर हत्यारबंदीची सूचना रंगवलेली आहे आणि तिच्या खालीच एका कडू औषधी काढ्याची जाहिरात. इतकी साधी, बाजारी, रोजची गोष्ट होती ती. इतिहासकार रॉबर्ट डिकस्ट्रा यांनी १८७० ते १८८५ या काळातल्या, डॉज सिटीसह कॅन्ससच्या पाच गुरेबाजारांच्या गावांची नोंद तपासली. पाचही गावांत मिळून खून निघाले ४५. पडद्यावरच्या एखाद्या मालिकेत एका हंगामात यापेक्षा जास्त माणसं मरतात.

हा नियम फुकट मिळाला नाही. ९ एप्रिल १८७८ च्या रात्री डॉज सिटीचा मार्शल एड मास्टरसन एका दारू प्यायलेल्या काउबॉयकडचं पिस्तूल काढून घ्यायला गेला. अगदी अंगाला भिडून गोळी झाडली गेली, इतकी की त्याचा कोट पेटला. तो वाचला नाही. मॅट डिलनला जे अंतर राखता आलं, ते एडला शक्यच नव्हतं. दुसऱ्याच्या कमरेचं हत्यार काढून घ्यायचं तर हाताच्या अंतरावर जावंच लागतं.

म्हणून माझ्या मते ‘मॅट गेट्स इट’ अर्ध्या वाटेपर्यंत खरं बोलतो. वेग म्हणजे न्याय नव्हे, हे त्यानं १९५५ मध्ये निःसंकोच सांगितलं. डॉज सिटीत पिस्तुलं थंडावली ती मात्र कुणाच्या अचूक नेमामुळे नव्हे. त्यामागे नगरपालिकेचा नियम होता, आणि तो पाळायला लावताना पंचवीस वर्षांच्या एड मास्टरसननं जीव गमावला.