उंबर कोणत्या रकान्यात?

नाव-गाव-फळ-फूल खेळताना 'उ' आला. भाचीने फुलाच्या रकान्यात 'उंबर' लिहिलं. मी ते खोडलं.

ती : मावशी, का खोडलंस?

मी : उंबर फळ आहे.

ती : फोडून बघ. आत भिंतीला चिकटलेली बारीक फुलंच असतात. ते चिमुकले कीटक आत शिरतात ते त्या फुलांसाठीच. शाळेत शिकलोय आम्ही.

मी : शास्त्र तुझ्या बाजूने आहे, मान्य. पण आपण बोलीतली नावं लिहितो. चारचौघं ज्याला फूल म्हणतात ते फूल. 1893 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टोमॅटोचा खटला चालला. बाहेरून येणाऱ्या भाजीवर जकात होती, फळावर नव्हती. टोमॅटो शास्त्राने फळ आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. पण लोक तो जेवणात भाजी म्हणून खातात, म्हणून जकात लागू ठरवली.

ती : कायद्यातले शब्द बाजाराच्या अर्थाने घ्यायचे, हे व्यापाऱ्याला कळायला हवं. मला हा नियम कोणी सांगितला होता?

मी : सगळे नियम आधी कसे सांगणार? तू उंबर लिहीपर्यंत असा प्रश्न येईल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

ती : मग शंकेचा फायदा लिहिणाऱ्याला द्या. नियम अपुरा पडला, त्याचा भुर्दंड मला का?

मी : तसं केलं तर उद्या कोणीही 'आ'ला आंबा लिहील आणि म्हणेल, मोहर येतो ना!

ती : मोहर गळतो, मग आंबा धरतो. आंब्यात फूल उरत नाही. उंबरात फुलं शेवटपर्यंत आतच राहतात. मी झाडाचं नाव नाही लिहिलं, हातात येतं ते उंबर लिहिलं.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तरी म्हटलं, प्रत्येक शब्दाला शास्त्राचा दाखला मागितला तर आजी-आजोबांनी पोराबाळांबरोबर खेळायचं कसं?

ती : आजीचं काढलंस म्हणून विचारते. मागच्या डावात 'औ'ला तिने गाव लिहिलं औरंगाबाद. 2023 मध्ये त्याचं छत्रपती संभाजीनगर झालं. तू तिला दहा गुण दिलेस.

मी : लोक अजून तेच म्हणतात.

ती : दिलेस ते बरोबरच. पण बोलीचा नियम तुला आजीच्या वेळी आठवला नव्हता. माझं खोडायची वेळ आली तेव्हा आठवला.

मी : दोन्हीकडे बोलीच लावली ना! औरंगाबाद चालतं, उंबर चालत नाही.

ती : पुस्तक लावलं असतं तर उलटं झालं असतं. पानं भरल्यावर कुणाचं काय आलंय ते सगळ्यांना दिसतं. तेव्हा निवडलेला नियम निवडणाऱ्याच्या सोयीचा असतो.

मी बोलीच्याच बाजूची आहे. तरी त्या डावात उंबराला दहा गुण दिले, कारण नियम आधी सांगितलेला नव्हता.

तुम्ही खेळायला बसाल तेव्हा कुणी मनात 'अ, आ, इ' सुरू करण्याआधी एवढं ठरवून घ्या : निकाल बोलीने लावायचा की पुस्तकाने. आणि ते सर्वांत लहान खेळाडूला विचारून ठरवा.