विभक्तीनंतरचा पाठलाग आणि मुलांचा हक्क



निकाह संपुष्टात येऊ शकतो. आईबापपण संपत नाही. नेमका याच सत्याचा काही जण गैरवापर करतात. विभक्त झालेला पती तिच्या दारासमोर मोटारसायकल उभी करतो, कामाच्या वाटेवर थांबतो, दिवसभर फोन करतो आणि विचारले तर म्हणतो, ‘मी मुलांसाठी येतो.’ हे उत्तर शरीअतच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

सहीह बुखारीत ह. बरीरा (रजि.) यांचा प्रसंग आहे. गुलामीतून मुक्त झाल्यावर त्यांनी पती ह. मुगीस (रजि.) यांच्यापासून वेगळे होण्याचा अधिकार वापरला. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून रडत त्यांच्या मागे फिरत. अश्रू दाढीवरून ओघळत. प्रेषितांनी (स.) बरीरांना परतण्याविषयी सुचविले. अबू दाऊदमधील रिवायतीनुसार, ते तुझ्या मुलाचे पिता आहेत, याचीही आठवण दिली. ही आज्ञा आहे काय, असे बरीरांनी विचारले. केवळ शिफारस आहे, असे उत्तर मिळताच त्यांनी नकार दिला. प्रेम खरे होते, मूल होते, शिफारस साक्षात प्रेषितांची होती. तरीही स्त्रीचा नकार मान्य झाला. मग आपल्या हट्टाला आधार कोणता?

सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीने हेरगिरी निषिद्ध ठरविली आहे. येथे तर लेकरालाच हेर केले जाते: घरी कोण आले होते? आई कोणाशी बोलते? ते मूल इकडे एक, तिकडे दुसरे सांगू लागते. खोटे बोलणे त्याला घरातच शिकविले जाते. जुन्नर-आंबेगावची मुले बिबट्याच्या भीतीने अंधारात उसाच्या कडेने जात नाहीत. वडील हात धरून नेतात. ज्या मुलाला वडिलांच्याच गाडीचा आवाज ऐकून कडी लावावीशी वाटते, त्याचा हात कोणी धरावा?

सूरह बकराची २३३ वी आयत सांगते की, मुलाच्या निमित्ताने ना आईला त्रास दिला जावा, ना पित्याला. म्हणून केवळ रागापोटी पित्याची भेट तोडणारी आईही जबाबदार आहे. मात्र जिवाच्या भीतीने दार बंद करणे म्हणजे राग नव्हे.

भेटीचे दिवस, वेळ आणि जागा लिहून ठरवा. जमले नाही तर न्यायालयात जा. भेटीचा हक्क तेथे मागता येतो, रस्त्यावर नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीचा पाठलाग हा गुन्हा असून पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील जमातींच्या जबाबदारांनो, तिच्या येण्याजाण्याची खबर त्याला देणारा जुलमात भागीदार आहे. तिला ‘सबर कर’ एवढेच सांगून परत पाठवू नका; पोलीस ठाण्यात जाण्याची वेळ आली तर सोबत जा. आणि त्यालाही जवळ बसवून समजवा, कारण जालिमाचा हात रोखणे ही त्याचीच मदत आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

मुले ही अमानत आहेत. तिचा हिशेब आईबाप दोघांनाही स्वतंत्रपणे द्यावा लागेल. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.