वावरातून दिसणारी चिमणी

राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून बुलढाणा जिल्ह्यातून जाताना नांदुऱ्याला १०५ फुटी हनुमान दिसतो. आता समजा, त्याच पट्ट्यात जुने टायर आणि प्लास्टिकवर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे आणि त्याला विस्तार करायचा आहे. दोन मोठ्या शेड आणि एक चिमणी, तीही १०५ फुटांची. धूर, सांडपाणी, आवाज सगळं नियमात बसतंय असं धरू. मग एकच प्रश्न उरतो: हे सगळं लोकांना दिसत राहणार, त्याचं काय?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी मोजता येतं ते मोजतो. २००० साली अमेरिकी अंतराळयानाने रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची टिपली. सुमारे ३० मीटरच्या चौकटींची ती माहिती आज फुकट मिळते. चिमणीच्या टोकापासून प्रत्येक चौकटीपर्यंत सरळ रेष ओढायची आणि मध्ये टेकडी येते का ते बघायचं. पृथ्वीची गोलाईही धरावी लागते, कारण २० किलोमीटरवर ती जवळपास ३० मीटर गिळते. पूर्णेचं खोरं सपाट असल्यामुळे आपली चिमणी बऱ्याच गावांतून दिसेल.

पण त्याच जागी हनुमान उभा केला, तरी प्रोग्राम हाच नकाशा काढेल. उंची सारखी, म्हणून उत्तर सारखं. एकाला हात जोडले जातील आणि दुसऱ्याकडे बघून तोंड वाकडं होईल, हे त्याला कळत नाही. म्हणून दुसरी पायरी लागते: बघतंय कोण?

यासाठी ब्रिटनमध्ये मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०१३ची. घरात राहणारे आणि निसर्ग बघायला आलेले लोक दृश्यातल्या बदलाला जास्त संवेदनशील धरले जातात. कामावर असलेले कमी, कारण त्यांचं लक्ष कामात असतं. आपल्याकडे २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत मोठ्या बांधकामांच्या अर्जात दृश्य अडेल का, असं विचारलेलं आहे. पण कोणाचं दृश्य, हे तिथे विचारलेलं नाही.

मला इथेच अडखळायला होतं. हा नियम बुलढाण्यात लावून बघा. लोणार सरोवराच्या काठावर तासभर थांबलेल्या पर्यटकाची नजर भारी ठरते. नांदुऱ्याजवळच्या वावरात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईची नजर हलकी, कारण ती ‘कामावर’ आहे. पर्यटक परत जातो. ती मात्र पुढची वीस वर्षं मान वर केली की तेच बघणार असते. मग वजन उत्सुकतेला द्यायचं की सोसण्याला?

यावर कोणी म्हणेल, तिला रोजगार हवाय, देखावा नको. सौंदर्य हे भरल्या पोटाचं दुखणं आहे. रोजगाराचा मुद्दा खरा आहे. कदाचित ती चिमणी हवीच म्हणेल, आणि तो तिचा हक्क आहे. पण अंगण सारवून रांगोळी काढणाऱ्या आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणाऱ्या घरांना डोळ्यांची भूक नसते, हे मला पटत नाही. तिला चिमणी खुपते की नाही, हे तिला विचारूनच कळेल. तिच्या धंद्यावरून ते ठरवता येणार नाही.

दुसरी अडचण उपायाची. दृश्य परिणाम कमी करायचा म्हटलं की झाडांचा हिरवा पट्टा सुचवला जातो, आणि तो बहुतेकदा रस्त्याच्या बाजूने शोभतो. म्हणजे लपवाछपवी कोणापासून? गाडीतून जाणाऱ्या माझ्यासारख्यापासून. पण आतले टायर आमच्याच गाड्यांचे आणि बाटल्या आम्हीच रिकाम्या केलेल्या. पुनर्वापर या शब्दाने आपल्याला इतकं हलकं वाटतं, कारण त्याचा ढीग आपल्या खिडकीतून दिसत नाही. कचरा करणाऱ्याला आडोसा मिळतो आणि शेजारच्या वस्तीला उघडा ढीग.

म्हणून माझ्या हातात असतं तर मी झाडं आधी वस्तीच्या आणि वावराच्या बाजूने लावली असती, तिथल्या लोकांना विचारून, त्यांना हवी तिथे. महामार्गाच्या बाजूला मात्र साधं जाळीचं कुंपण ठेवलं असतं, आरपार दिसेल असं.




यात सूड नाही. शंभरच्या वेगात ढीग दिसून दिसून किती दिसेल? काही सेकंद. वावरातल्या बाईने वीस वर्षं जे बघावं असं आपण गृहीत धरतो, त्यातले एवढे सेकंद आपल्या वाट्याला यायला हरकत नसावी.