प्रमाण पाठ, प्रकरण आणि संगणक

अकोले तालुक्यातील रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा संगमनेरजवळ म्हाळुंगीला भेटते आणि नेवाशावरून पुढे जाऊन प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते. या एकाच नदीच्या काठी पाठभेदाचा प्रश्न दोन अगदी निराळ्या रूपांत उभा राहतो. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचे फटके आणि लावण्या गायकांच्या मुखातून व त्यांच्या बाडांतून, म्हणजे हस्तलिखित वह्यांतून, पुढे आल्या. एखाद्याने कडवे मागेपुढे केले किंवा शब्द बदलला, म्हणून कोणाची श्रद्धा दुखावण्याचा प्रश्न नव्हता. नेवाशात शके १२१२ मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीला मात्र ही मोकळीक परवडणारी नव्हती. सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली मूळ प्रत उरली नाही, नकलांमध्ये भर पडत गेली, आणि अखेर शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला, यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, अशी ताकीदही त्या परंपरेत ग्रंथाच्या अखेरीस येते.

अशा ग्रंथांच्या पोथ्यांची छायाचित्रे आणि टंकलेखित संहिता आता संगणकावर येत असताना, पाठाला प्रामाण्य कोठून मिळते, हा जुनाच प्रश्न नव्याने विचारावा लागतो. मीमांसकांच्या मते शब्द नित्य असून उच्चार त्याला केवळ प्रकट करतो. त्यामुळे पोथी असो, छापील पुस्तक असो वा पडदा, शब्दाच्या प्रामाण्यात त्याने काही अधिकउणे होत नाही. नैयायिक शब्दाला अनित्य मानतात आणि त्याचे प्रामाण्य आप्तावर, म्हणजे यथार्थ जाणणाऱ्या व तसेच सांगणाऱ्या वक्त्यावर, सोपवतात. मराठीतील संतवाङ्मय आणि पंथवाङ्मय व्यवहारात या दुसऱ्या मताच्या जवळ आहे, कारण तेथे कोणी सांगितले, कोणी ऐकले आणि कोणी लिहिले याला पहिले महत्त्व असते.

याचा सर्वांत बोलका पुरावा संगमनेर-नेवाशाच्याच जिल्ह्यातील सराळ्याचे म्हाइंभट यांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त सापडतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी त्यांनी नागदेवाचार्यांकडून आणि इतर शिष्यांकडून एकेक करून गोळा केल्या. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरवला आणि तो पुन्हा स्मरणातून उभा करावा लागला, असे महानुभाव परंपरा सांगते. स्मरण करणारे अनेक असल्याने पाठही अनेक झाले आणि हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे ते स्मरणकर्त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. पाठभेद म्हणजे लेखनिकाचा प्रमाद, ही छापखान्याच्या काळात रूढ झालेली समजूत येथे लागू पडत नाही. येथे प्रत्येक भेदामागे एक साक्षीदार उभा आहे.

संगणकाला हा साक्षीदार आपोआप दिसत नाही. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक असतो आणि शोधयंत्र क्रमांकाशी क्रमांक जुळवून पाहते. जुन्या पोथ्यांत 'ख'च्या जागी सर्रास 'ष' लिहिलेला असल्यामुळे 'खेळ' शोधणाऱ्याच्या हाती 'षेळ' लागत नाही, आणि 'म्हणौनि' व 'म्हणोनि' हे यंत्राच्या लेखी दोन परके शब्द ठरतात. त्यावर उपाय म्हणून सगळे लेखन आजच्या वळणावर आणले, तर शोध सोपा होतो, पण पोथीची साक्ष पुसली जाते. म्हणून मूळ लेखन जसेच्या तसे राखून त्याच्या जोडीला शोधापुरते प्रमाणित रूप ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला जुन्या मराठीचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुला असल्याने या कामाला मोठा आधार मिळाला आहे.

पाठभेद नोंदवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या टीईआय या खूणपद्धतीतील एक तरतूद तर थेट प्रस्तुत प्रश्नाला भिडते. तीत ग्राह्य पाठासाठी एक खूण असते आणि इतर पाठांसाठी दुसरी. मात्र ग्राह्य पाठाची खूण न वापरता सर्व पाठ समान पातळीवर ठेवण्याचीही मुभा असते. फंदींच्या फटक्याला ही मुभा शोभते, लीळाचरित्रालाही बहुधा शोभेल, पण ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेल्या वारकऱ्याला एकच ओवी म्हणायची असते. ती कोणती हे यंत्र सांगू शकत नाही, कारण एकनाथांचा निर्णय प्रतींच्या गणतीतून आलेला नव्हता. तो अधिकारी पुरुषाचा निर्णय म्हणून संप्रदायाने स्वीकारला.

अधिकाराचाच दुसरा पैलू सकळ लिपीत दिसतो. महानुभावांनी आपले ग्रंथ अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या या सांकेतिक लिपीत शतकानुशतके राखले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे ते पंथाबाहेरच्या वाचकांना खुले झाले. आता ते कुलूप पुन्हा घालता येणार नाही आणि घालूही नये. तरीही दीक्षेवाचून वाचणाऱ्याच्या हाती वचन सुटे पडेल, ही जुन्या मंडळींची भीती अगदीच निराधार नव्हती. ती भीती पंथालाही आतून भेडसावली होती. केसोबासांनी लीळाचरित्रातून चक्रधरांची वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' रचला, तेव्हा कोणते सूत्र कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितले हे कळेनासे झाले. म्हणून सूत्रागणिक प्रसंग जोडून देणारा 'प्रकरणवश' हा ग्रंथ तयार करावा लागला. शोधयंत्र आज क्षणोक्षणी नवा सूत्रपाठ निर्माण करते, म्हणजे प्रसंगावाचून ओळी हाती देते. त्यामुळे लीळाचरित्राची संगणकीय आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांनी शोधाचे उत्तर म्हणून सुटी ओळ न देता संपूर्ण लीळा, तिचा स्मरणकर्ता आणि तिचे इतर पाठ एकत्र दाखवावेत; सातशे वर्षांपूर्वीच्या त्या संकलकांनी आखून दिलेले हे काम यंत्राला सहज पेलण्याजोगे आहे.